वर्षाची मोजणी झाली की महिन्याभरात पुन्हा फरक! गोदामातला माल मोजायचा तरी कसा?

नवाकोठीदार

नमस्कार मंडळी. आठ महिन्यांपूर्वी सुट्या भागांच्या एका गोदामाचा ताबा माझ्याकडे आला. साधारण ५,००० प्रकारचा माल आहे. नट-बोल्ट, सील, बेअरिंग, मोटारी, केबलची ड्रम, पॅकिंग फिल्मचे रोल, शिवाय तेलाच्या दोन आडव्या टाक्या. वर्षअखेरीला तीन दिवस आवक-जावक बंद ठेवून सगळ्यांनी मिळून मोजणी केली. फरक सापडले, सिस्टीममध्ये दुरुस्त्या टाकल्या आणि सगळ्यांनी हुश्श केलं.

सहा आठवडेही झाले नसतील. माल काढणारा पोरगा यादी घेऊन जातो, सिस्टीम म्हणते ४० नग, खान्यात २६. दुसरीकडे सिस्टीममध्ये शून्य आणि खोकं काठोकाठ भरलेलं. म्हणजे ये रे माझ्या मागल्या.

वरिष्ठांचं म्हणणं, पुन्हा तीन दिवस बंद ठेवा आणि नीट मोजा. माझं मन तयार होत नाही. मोजणीची पद्धतच चुकते आहे, की मोजणीचा याच्याशी संबंधच नाही? ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

हिशेबनीस

पहिला प्रश्न: त्या तीन दिवसांच्या आधीच्या संध्याकाळी दारात काय काय पडलं होतं?

गंमत म्हणून विचारत नाहीये. मोजणी एका क्षणाची असते आणि सिस्टीममधला आकडाही एका क्षणाचा असतो. ते दोन क्षण एकच असतील तरच वजाबाकीला अर्थ. गाडीतून उतरलेला पण अजून आवक नोंद न झालेला माल, काढून बांधून ठेवलेला पण गाडीत न चढलेला माल, परत आलेला आणि कोपऱ्यात ठेवलेला माल, तपासणीसाठी अडकवलेला माल, दुरुस्तीला बाहेर गेलेला माल, आणि दुसऱ्याच्या मालकीचा पण तुमच्याकडे ठेवलेला माल. या सहांपैकी प्रत्येकाबद्दल 'मोजायचा की नाही' हे आधी ठरलं नसेल, तर चार जोड्या चार तऱ्हेने मोजतात.

समजा खान्यात १०० नग आहेत, २० काढून पॅकिंगच्या टेबलावर ठेवलेत, पण जावक नोंद झालेली नाही. सिस्टीम १२० दाखवते. मोजणाऱ्याने खान्यातले १०० लिहिले. तुम्ही २० ची तूट टाकली. दुसऱ्या दिवशी जावक नोंदली गेली आणि सिस्टीममध्ये ८० झाले. खान्यात १०० तसेच. तुमच्या दुरुस्तीनेच नवा फरक जन्माला घातला! सहा आठवड्यांनी सापडलेले निम्मे फरक या जातीचे असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

म्हणून मोजणी सुरू करण्याआधी शेवटच्या आवक पावतीचा आणि शेवटच्या जावक चलनाचा क्रमांक लिहून ठेवायचा. त्या क्रमांकापर्यंतचं सगळं सिस्टीममध्ये चढलेलं असलं पाहिजे, पुढचं एकही नाही. दारातल्या मालाला दोरी लावून वेगळा करायचा. आणि हे झाल्याशिवाय कुणालाही मोजणीचा कागद द्यायचा नाही.

नवाकोठीदार

दारात बराच माल होता. 'नंतर बघू' म्हणून ठेवला होता. 🙈

रात्रपाळी

हिशेबनीसांशी सहमत. अजून एक विचारतो. मोजणीच्या कागदावर सिस्टीमचा आकडा छापलेला होता का?

असेल तर ती मोजणी नव्हे, सह्यांचा कार्यक्रम. मी बारा वर्षं मोजण्या करतोय. कागदावर '७२' दिसलं आणि मोजून ६९ आले, की माणूस स्वतःवरच संशय घेतो, तीन कुठेतरी मागे असतील म्हणतो आणि ७२ वर टिक करतो. यात लबाडी नाही, थकवा आहे. दुपारी चारनंतर तर मोजतसुद्धा नाहीत, नुसती टिक करत पुढे जातात.

आमच्याकडे कोरी मोजणी चालते. कागदावर फक्त जागेचा क्रमांक, मालाचा कोड, वर्णन आणि एकक. आकड्याची जागा रिकामी. जोडीतला एक मोजतो आणि मोठ्याने बोलतो, दुसरा तोच आकडा उलट बोलून लिहितो. मग वेगळीच जोडी त्याच जागा पुन्हा मोजते, तिला पहिल्या जोडीचा कागद दाखवायचा नाही. दोन्ही जुळले तर झालं. नाही जुळले तर तिसरा माणूस, शक्यतो ज्याला तो माल हातात घेऊन ओळखता येतो असा.

मोजून झालेल्या खान्यावर क्रमांक असलेली चिठ्ठी लावायची. चिठ्ठ्या ओळीने दिलेल्या, त्यामुळे शेवटी सगळ्या परत आल्या पाहिजेत, फाटलेल्या आणि चुकलेल्याही. १ ते ६०० दिल्या आणि ५९७ परत आल्या, तर तीन खाने राहिले किंवा तीन चिठ्ठ्या कुणाच्या तरी खिशात आहेत. एकदा आमची एक चिठ्ठी झाडूवाल्याच्या टोपलीत सापडली. त्या चिठ्ठीवर आख्खी एक मांडणी होती.

आणि हो, मोजणारा यादीप्रमाणे चालला तर यादीत नसलेला माल त्याला दिसतच नाही. त्याने जागेप्रमाणे चालायचं, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि जे हाताला लागेल ते लिहायचं.

थप्पीकार

सगळे कागदावरच बोलताहेत, मी जरा थप्पीवर येतो.

बाहेरून बघून गुणाकार करायची सवय घातक आहे. समोरून चार खोकी, बाजूने चार खोकी, पाच थर. डोकं म्हणतं ४ × ४ × ५ = ८०. पण रचणाऱ्याने मध्ये पोकळी ठेवली असेल (बरेच जण ठेवतात, बांधणी घट्ट होते किंवा हवा खेळती राहते), तर आतल्या चार जागा प्रत्येक थरात रिकाम्या. म्हणजे थराला १२ आणि एकूण ६०. वीस खोक्यांची तूट, आणि चोर कुणीच नाही. वरचा थर उघडा असेल तर शिडी लावून बघा, वर झाकण असेल तर एक खोकं काढून बघा. अंदाजपंचे दाहोदरसे नको.

दुसरं, फुटलेलं खोकं. माल काढणारा घाईत नवं खोकं फोडतो, जुन्यात सात उरलेले असतात. असं करत एका मालाची पाच अर्धी खोकी होतात आणि मोजणारा त्यांना पूर्ण धरतो. नियम एकच: एका मालाचं एकच उघडं खोकं, ते सगळ्यात पुढे, आणि फोडताक्षणी त्यावर जाड पेनाने फुली. मोजणीच्या वेळी फुली नसलेलं खोकं पूर्ण, फुलीचं असेल तर नग मोजायचे. हा नियम लावल्यावर आमची मोजणी निम्म्या वेळात व्हायला लागली.

गठ्ठेबाज

फुलीची युक्ती लई भारी. वाचनखूण साठवली.

काटेकोर

नट-बोल्ट आणि सील हाताने मोजत असाल तर थांबा. मोजणी काटा वापरा, पण तो कसा फसवतो तेही समजून घ्या, कारण काट्यावर लोकांचा आंधळा विश्वास असतो.

काटा काही नग मोजत नाही. तुम्ही त्याला नमुन्याचे १० नग देता, तो एका नगाचं सरासरी वजन काढतो आणि मग एकूण वजनाला त्याने भागतो. समजा नग ४ ग्रॅमचा आहे आणि काटा १ ग्रॅमपर्यंतच वाचतो. दहा नग म्हणजे ४० ग्रॅम, त्यात अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे होऊ शकतो. हे झाले सव्वा टक्का. १,००० नगांच्या पेटीत १२-१३ नगांचा फरक, केवळ नमुना लहान घेतल्यामुळे! तोच नमुना १०० नगांचा घ्या. ४०० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम म्हणजे ०.१२५ टक्के, हजारात जेमतेम एक नग.

तेव्हा नमुना मोठा घ्या आणि तो हाताने दोनदा मोजा. नमुन्यातच ९९ असतील तर पुढचं सगळं त्या एकाच्या पटीत चुकतं. रिकाम्या डब्याचं वजन प्रत्येक डब्याचं वेगळं काढा. आणि वेगळ्या खेपेचा माल आला की नमुना नव्याने घ्या. प्लेटिंगची जाडी किंवा रबराचं मिश्रण बदललं की नगाचं वजन बदलतं. तेल लागलेले नग आणि कोरडे नग एकत्र तोलू नका.

ज्या मालात नगागणिक वजन फार बदलतं (ओतीव भाग, लाकडी वस्तू), तिथे काटा नकोच.

नवाकोठीदार

आमच्याकडे नमुना पाच नगांचा घेतात. आता कळलं.

रोल आणि टाक्यांचं काय करता?

काटेकोर

रोल न उलगडता मोजता येतो. बाहेरचा व्यास आणि आतल्या नळीचा व्यास, दोघांचे वर्ग करा, वजाबाकी करा, पायने गुणा आणि जाडीच्या चौपटीने भागा. बाहेरचा व्यास ६० सेंमी, नळी १० सेंमी, फिल्मची जाडी ०.१ मिमी असेल तर सुमारे २,७५० मीटर येतात. पण जाडी प्रत्यक्षात ०.११ मिमी निघाली तर तोच रोल सुमारे २,५०० मीटरचा! म्हणजे सगळा खेळ जाडीवर. मायक्रोमीटरने दहा थर एकत्र मोजा आणि दहाने भागा, एकेरी थर मोजण्यापेक्षा ते बरं. सैल गुंडाळलेल्या रोलला हे गणित लावू नका, तो तोला.

टाकी आडवी असल्याने आत बुडवलेल्या कांडीवर तेलाची उंची बघून सरळ हिशेब चालत नाही. अर्धी उंची म्हणजे अर्धी टाकी, हे बरोबर. पण पाव उंचीला पाव टाकी नसते, साधारण साडेएकोणीस टक्केच असते, आणि तेही टाकीची दोन्ही तोंडं सपाट धरून. टाकीसोबत उंची आणि लिटरचा तक्ता मिळतो, तो शोधा. तापमानही लिहून ठेवा, तेल उन्हात फुगतं.

उलटतपासणी

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, लेखापरीक्षक. आम्ही मोजणीला येतो तेव्हा सगळे आमच्याकडे पाहुण्यासारखे बघतात, चहा देतात आणि लवकर जावं अशी इच्छा करतात. 😄

आमच्या मानकांतलं ५०१ क्रमांकाचं मानक सांगतं की साठा मोठा असेल तर शक्य तिथे मोजणीच्या जागी स्वतः हजर राहा. तिथे गेल्यावर आम्ही सगळं मोजत नाही. काही ओळी यादीतून निवडतो आणि माल शोधायला लावतो, यातून 'कागदावर आहे पण जागेवर नाही' हे कळतं. मग उलट दिशेने फिरतो. मांडणीवरचा कुठलाही माल उचलतो आणि तो यादीत दाखवा म्हणतो. यातून 'जागेवर आहे पण कागदावर नाही' हे कळतं. लोक पहिली दिशाच करतात. दुसरी विसरली की साठा कमी दाखवला जातो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

नवाकोठीदार, तुमच्या वर्षअखेरीच्या अहवालात फरक किती टक्के आला होता?

नवाकोठीदार

०.३ टक्के. सगळे खूश होते.

उलटतपासणी

निव्वळ ना? अधिक आणि उणे एकमेकांत वजा करून?

तुमच्याकडे दहा प्रकारचे सील आहेत असं धरा. पाचांमध्ये १० जास्त, पाचांमध्ये १० कमी. निव्वळ फरक शून्य. अहवाल चकचकीत. आणि दहाच्या दहा खाने चुकीचे! हिशेबाच्या वहीला निव्वळ आकडा पुरतो, पण माल काढणाऱ्या पोराला खान्यात काय आहे याच्याशी मतलब. त्याच्यासाठी दुसरं माप: किती जागा मोजल्या आणि त्यातल्या किती बरोबर निघाल्या. 'बरोबर'ची व्याख्या आधी ठरवा. बऱ्याच ठिकाणी महागड्या मालाला ०.२ टक्के, मधल्याला १ टक्का आणि किरकोळीला ५ टक्के सूट देतात. मोटारींना मी ती ०.२ टक्केही देणार नाही. मोटार एक तर आहे किंवा नाही.

हे माप लावून तुमचा अहवाल पुन्हा काढा. घाबरू नका फक्त.

नवाकोठीदार

काढला. २,११० जागा चुकीच्या, ५,००० पैकी. म्हणजे ५८ टक्के बरोबर. ०.३ टक्क्याचा चकचकीत अहवाल मी कपाटात ठेवलाय.

चक्रधर

आता मुद्द्यावर आलो. पुन्हा तीन दिवस बंद ठेवून काय होणार? चुका वर्षभर रोज होतात आणि तुम्ही त्या एकदा पुसता. पुसताना त्या कशा झाल्या हे कळत नाही, कारण नऊ महिन्यांपूर्वीची चिठ्ठी कोण शोधणार?

चक्री मोजणी करा. रोज थोडं थोडं, गोदाम चालू ठेवून. किती ते असं ठरवा. १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या फोर्ड डिकी यांनी मालाचे अ, ब, क असे वर्ग करण्याची कल्पना मांडली, ती आजही कामाला येते. थोडासा माल बहुतेक उलाढाल खातो, तो अ. तुमच्या ५,००० पैकी ५०० अ धरा, वर्षातून चार वेळा मोजा, झाल्या २,०००. १,००० ब, दोनदा, म्हणजे २,०००. उरलेले ३,५०० क, एकदा. एकूण ७,५०० मोजण्या. कामाचे दिवस २५० धरले तर रोज ३०. एक जोडी सकाळी दीड-दोन तासांत संपवते.

पण अ-ब-क आंधळेपणाने लावू नका. पुस्तकी पद्धत फक्त उलाढालीकडे बघते. एका फालतू सीलसाठी यंत्र दोन दिवस उभं राहत असेल, तर ते सील माझ्या लेखी अ. तसंच ज्या मालाची रोज उचल होते तिथे चुकीची संधीही रोज, त्यालाही वर चढवा.

आणि एक फुकटातली मोजणी सांगतो, ती लोक विसरतात. खाना रिकामा झाला की लगेच सिस्टीम बघा. रिकामा खाना मोजायला दोन सेकंद लागतात आणि त्यात चूक होत नाही. सिस्टीम तिथे ६ दाखवत असेल तर आत्ताच फरक सापडला, आणि कारणही अजून ताजं आहे. दोन-तीन नग उरलेल्या खान्यांचंही तेच. माल काढणाऱ्याच्या स्कॅनरवर 'खाना रिकामा झाला का?' एवढा एक प्रश्न टाकला तर तोच मोजणीदार होतो.

हिशेबनीस

चक्री मोजणीत मी वर लिहिलेली क्षणाची अडचण दुप्पट होते हे विसरू नका, कारण गोदाम चालू असतं. एक तर सकाळी उचल सुरू होण्याआधी मोजा, किंवा मोजायच्या ३० जागा तेवढ्यापुरत्या सिस्टीममध्ये गोठवा. दोन्ही जमत नसेल तर मोजणीची वेळ मिनिटासह लिहा आणि नंतरच्या नोंदी उलट्या फिरवून त्या वेळेचा आकडा काढा.

उलटतपासणी

आणि चक्री मोजणी नीट चालली, नोंदी राखल्या, सगळा माल वर्षभरात निदान एकदा हातात आला, तर आम्हीही वर्षअखेरीला गोदाम बंद ठेवायचा हट्ट बहुधा धरत नाही. वरिष्ठांना हे सांगून बघा, तीन दिवसांचा बंद वाचतो म्हटल्यावर कान टवकारतील.

यंत्रयुगी

सगळे कागद-पेन्सिलच्या काळात का राहिलेत? बारकोडचं पेटंट १९५२ मध्ये मिळालं, २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी दुकानातली पहिली वस्तू स्कॅन झाली. पन्नास वर्षं होऊन गेली. आता आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबून वाचता येणारे टॅग लावा. हातातलं यंत्र घेऊन बोळातून चाला, हजारो टॅग काही मिनिटांत वाचले जातात. मोजणीचा प्रश्नच संपला.

रात्रपाळी

राव, बारकोड सांगतो *काय* आहे. *किती* आहे ते सांगत नाही. आमच्याकडे दोन मापांचे सील एकाच खान्यात मिसळले होते. पोराने एक उचलला, दहा वेळा स्कॅन केला. दहा बीप, दहा नग. त्यातले चार वेगळ्या मापाचे होते. बीप ऐकू आला की माणूस बघायचं थांबवतो.

यंत्रयुगी

म्हणून तर आरएफआयडी. तिथे प्रत्येक टॅगचा क्रमांक वेगळा, एकच टॅग दहा वेळा वाचला तरी एकच धरला जातो.

थप्पीकार

हे मान्य. पण त्यांच्याकडे तेल आहे, मोटारी आहेत, नट-बोल्ट आहेत. धातू त्या लहरी परतवतो आणि पाण्यासारखे द्रव त्या शोषून घेतात. धातूसाठी खास टॅग मिळतात, पण प्रत्येक बोल्टला कोण लावणार? शिवाय यंत्र पलीकडच्या बोळातले टॅगही वाचतं. माल आहे हे कळतं, *कुठल्या खान्यात* आहे ते कळत नाही, आणि शोधणाऱ्याला तेच हवं असतं. कपड्यांच्या किंवा खोक्यांच्या गोदामात उत्तम चालतं, नाकारत नाही.

अवांतर: ड्रोनने मोजणी करणारेही आहेत. तो वरच्या मांडण्यांवरची लेबलं वाचतो. फुटलेल्या खोक्यात किती उरलेत ते त्यालाही दिसत नाही.

यंत्रयुगी

बरं बाबा. खोक्यांना आणि पॅलेटना लावा, बोल्टला नको. एवढं तरी घ्या.

चक्रधर

नवाकोठीदार, ३० ची यादी सुरू करण्याआधी एक करा. ४० माल निवडा, सगळ्या जातींचे, आणि तेच ४० रोज मोजा. दोन आठवडे. मूर्खपणा वाटेल, पण रोज मोजल्यामुळे आजचा फरक कालपासून आजपर्यंतच्या नोंदींतच असतो, शोधायला जागाच उरत नाही. आकडा लगेच दुरुस्त करू नका, आधी कारण लिहा. याला नियंत्रण गट म्हणतात. तुमच्या गोदामात फरक *तयार कुठे होतो* ते यातून दिसेल. त्यानंतर धागा वर आणा.

---

नवाकोठीदार

(तीन आठवड्यांनी धागा वर आणतोय. उशिराबद्दल माफी.)

४० माल, १२ दिवस. पहिल्या दिवशी ४० पैकी १७ चुकीचे. त्यांचे आकडे हिशेबनीसांच्या पद्धतीने दारातला माल वेगळा करून एकदा नीट बसवले, मग रोज मोजत गेलो. पुढच्या अकरा दिवसांत १४ नवे फरक पडले. प्रत्येकाच्या मागे लागलो. जे हाती आलं ते असं.

पाच फरक एकाच जातीचे. पुरवठादाराने एका वॉशरचं पॅकिंग १०० वरून १४४ केलं होतं. आवक नोंदणारा 'खोकी: ५' लिहितो, सिस्टीम ५०० धरते, आत ७२०. जिथे सिस्टीम शून्य म्हणत होती आणि खोकं भरलेलं निघायचं, ते हेच. एककाचा हा घोटाळा तीन वर्षांपासून चालू होता आणि दर वर्षअखेरीला आम्ही 'जास्त सापडला' म्हणून आनंदाने चढवत होतो.

चार फरक सीलचे, जोडीने. एकात ३ कमी तर शेजारच्यात ३ जास्त. कोड शेवटच्या अंकापुरता वेगळा, खाने शेजारी, रंग एक. उलटतपासणींनी दिलेलं उदाहरण जसंच्या तसं. आता एक सील पहिल्या बोळात आणि दुसरं पाचव्यात हलवलं.

तीन फरक रात्रीचे. यंत्र बंद पडलं की दुरुस्तीवाला येऊन भाग घेऊन जातो, चिठ्ठी सकाळी देईन म्हणतो. यात मी कुणाला दोष देत नाही, रात्री दोन वाजता सिस्टीममध्ये नोंद करायला तिथे माणूसच नसतो. दाराशी एक फळा आणि खडू ठेवलाय. कोड आणि नग लिहायचे, बस. पहिल्या आठवड्यात फळ्यावर ११ ओळी आल्या!

एक फरक आमच्याच मोजणीचा निघाला. काटा, पाच नगांचा नमुना. काटेकोर, तुम्हाला दंडवत.

शेवटच्या तीन दिवसांत ४० पैकी ३९ बरोबर. चाळिसावा हटत नाही. केबल. ड्रमवरून मीटरने कापून देतो, सिस्टीम २९० मीटर म्हणते, आणि ती मोजायची कशी हेच कळत नाही. पूर्ण ड्रम उलगडायला जागा नाही. तोलून बघितली तर लाकडी ड्रमचं वजन माहीत नाही.

चक्रधर

झकास. ४० संपले असं समजू नका, आता वेगळे ४० घ्या. पण आधी ते १४४ चं प्रकरण बाकीच्या ४,९६० मध्ये किती ठिकाणी आहे ते बघा. आवक पावत्यांवरचं पॅकिंग आणि सिस्टीममधलं पॅकिंग शेजारी ठेवून यादी काढता येईल, त्यासाठी एक नगही मोजायची गरज नाही.

उलटतपासणी

'जास्त सापडला' हे दोन शब्द मी ज्या ज्या गोदामात आनंदाने उच्चारलेले ऐकलेत, तिथे आवक नोंदीत काहीतरी निघालंच आहे. तूट निघाली की चौकशी होते, वाढ निघाली की होत नाही.

गठ्ठेबाज

फळा आणि खडू! आम्ही याच कामासाठी दोन वर्षं ॲपची वाट बघतोय.

थप्पीकार

केबलचं सोपं आहे. बऱ्याच केबलच्या बाहेरच्या वेष्टनावर दर मीटरला आकडे छापलेले असतात, बारीक असतात, चष्मा लावा. बाहेरच्या टोकाचा आकडा आणि आतल्या टोकाचा आकडा, दोघांतला फरक म्हणजे ड्रमवर उरलेली केबल. कापताना दरवेळी बाहेरच्या टोकाचा आकडा चिठ्ठीवर लिहायला लावा, मग मोजायलाच नको.

नवाकोठीदार

आत्ता जाऊन बघितलं. खरंच आहेत आकडे, आठ महिने त्यावर हात फिरवतोय आणि दिसले नाहीत. बाहेरचं टोक ०५८७. आतलं टोक ड्रमच्या फळीमागे खिळ्याने ठोकलेलं आहे आणि त्यावर ग्रीस फासलंय. उद्या सकाळी उचल सुरू होण्याआधी पुसून वाचतो. ०२९७ निघालं तर मी पेढे... असो, उद्या लिहितो.

नवाकोठीदार

०३१२. म्हणजे २७५ मीटर, १५ कमी. फळ्यावर परवा रात्रीची एक ओळ आहे, कोड केबलचाच, पण नगाच्या जागी नुसतं 'थोडी' लिहिलंय.